बंदुकीचं भाडं

बंदुकीचं दुकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पिळदार मिशा आणि भिंतीवरचं वाघाचं मुंडकं येतं. वाशीमच्या आमच्या दुकानात भिंतीवर एक घड्याळ होतं, तेही मागे पडणारं, आणि बसायला दोन स्टुलं. येणारी माणसं म्हणजे रानाकडेला शेत असलेले शेतकरी, बँकेच्या दारावरचे चौकीदार, फौजेतून परतलेले जवान, आणि ज्यांना आजोबांची बंदूक मिळाली पण परवाना मिळाला नाही असे नातू. या शेवटच्या जातीचं गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त. माझे आजोबा ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे, वडिलांनी विक्रीचा परवाना काढला, आणि मी जन्मभर काय केलं असं कोणी विचारलं तर खरं उत्तर असं, की मी लोकांच्या बंदुका सांभाळल्या आणि सरकारच्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्या.

शिव्यांचं कारण समजून घ्यायचं तर आधी हा व्यवहार समजला पाहिजे. बैल विकायचा असला की बाजारात जायचं, रुमालाखाली बोटं दाबायची, कासरा हातात द्यायचा, संपलं. बंदुकीचं तसं नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो आणि बंदूक त्या परवान्यावर चढवलेली असते. विकणाऱ्याला विकायची परवानगी लागते. घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना असावा लागतो, आणि नसला तर आधी तो काढावा लागतो. त्यासाठी अर्ज, चलन, डॉक्टरचा दाखला, बंदूक हाताळायला शिकल्याचा दाखला, पोलिसांची चौकशी, वरच्या साहेबांचा अभिप्राय, त्याच्या वरच्या साहेबांचा अभिप्राय. यातला एक कागद येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपते. मग दुसऱ्याची फी पुन्हा भरायची, आणि तो येईपर्यंत पहिला शिळा होतो.

मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या बाजूचे एक शेतकरी होते. त्यांना आपली एक नळीची बंदूक मंगरूळपीरकडच्या एका ओळखीच्या माणसाला द्यायची होती. दोघं एकाच मोटारसायकलवर वाशीमला यायचे, कचेरीत हेलपाटे घालायचे, माझ्या दुकानात चहा पिऊन परत जायचे. असे इतके हेलपाटे झाले की वाटेतल्या गप्पांमधून एकाची मुलगी आणि दुसऱ्याचा मुलगा यांचं लग्न ठरलं. लग्न लागलं, वर्षभरानं नात झाली, परवानगी आली नाही. शेवटी मानोऱ्याचे म्हणाले, "हनीफभाई, राहू द्या आता. इवायाले बंदूक इकनं बरं दिसत नाही." सोयरीक जमली आणि सौदा मोडला. माझ्या दुकानातून जुळलेलं ते एकमेव लग्न, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

विक्रीचं हे असं. मालक वारला तर याहून अवघड. माणूस गेला की त्याचा परवाना त्याच्याबरोबर जातो, बंदूक मात्र मागे राहते. ती घरात ठेवणं गुन्हा. घरात रडारड चालू असताना कोणीतरी शहाणा माणूस आठवण करून देतो, आणि मग वारस ती बंदूक ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्या परवानाधारक दुकानात आणून जमा करतात. वारसांपैकी एकाच्या नावावर नवा परवाना निघेपर्यंत ती आमच्याकडे. आम्ही पावती देतो, तेलपाणी करतो, कुलपात ठेवतो आणि महिन्याला भाडं घेतो. म्हणजे फीच्या ज्या तक्रारी मी इथं सांगतो आहे, त्यात माझंही नाव आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पंचफुलाबाई हा अंक वाचून दुकानापर्यंत येतील.

पंचफुलाबाई रिठदच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. खेड्याचं नाव लिहीत नाही. पुढं काय झालं ते वाचलंत की कारण कळेल. त्यांचे मालक नामदेवराव लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. गाव त्यांना हवालदारच म्हणे, आणि बाईही तसंच म्हणत. शेत नाल्याच्या काठाला, झाडीला लागून. सोयाबीन, तूर, मग हरभरा. झाडीतून रानडुकरं यायची, वरच्या बरड माळावरून रोही, म्हणजे नीलगायींचे कळप, यायचे. निवृत्तीनंतर हवालदारांनी पिकाच्या रक्षणासाठी परवाना काढला आणि दोन नळ्यांची बारा बोअर घेतली, ती आमच्याच दुकानातून. जनावर मारायचं नाही, हवेत बार काढायचा. एका बारात कळप नाला ओलांडायचा.

हवालदार वारल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून बाई मुलाबरोबर दुकानात आल्या. मुलगा पुण्याला कंपनीत, आईला सोडून लगेच गाडी धरायच्या घाईत. बंदूक फौजी कांबळ्यात गुंडाळलेली होती. बाईंनी ती टेबलावर ठेवली नाही, माझ्या हातात दिली.

"जय भीम, भाऊ. हे आमच्या हवालदाराची."

"जय भीम, बाई. ओळखतो मी तिले," मी म्हणालो. पावती फाडली. 'कै. नामदेव यांचे वारस' असं लिहिलं आणि महिन्याचं भाडं सांगितलं.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बंदूकच रोखली होती.

"भाडं? कायचं भाडं? थे काय दानापानी खाते काय?"

"तेल खाते, बाई."

"तेल मी आनून देतो. जागा किती लागते तिले? उभी तं राह्यते कोपऱ्यात."

मुलगा ओशाळला. त्यानं पाकीट काढलं. बाईंनी त्याचा हात धरला आणि स्वतःच्या बटव्यातून पैसे मोजले, मोजताना "खडी बंदूक अन् भाडं घेते," असं दोनदा पुटपुटल्या. त्यानंतर जितक्या वेळा भाडं दिलं तितक्या वेळा हा वाद झाला. मी कमी केलं तरी झाला. वाद हा त्या भाड्याचाच भाग होता.

त्या दिवशी मुलगा बाहेर रिक्षा बघायला गेला तसं बाईंनी विचारलं, "भाऊ, परवाना माह्या नावानं निंगन काय?"

"मुलाच्या का नाही?"

"त्याचं शेत पुन्यात हाये काय? डुकरं माह्या शेतात येतात."

एवढं साधं उत्तर मी फार कमी अर्जदारांकडून ऐकलं होतं. लोक शान म्हणून मागतात, भाऊबंदाला दाखवायला म्हणून मागतात. या बाईला काम करायला हवी होती. मी सांगितलं, निघेल, बाईमाणसाला परवाना नाही असा कुठं कायदा नाही, पण वेळ लागेल. आणि एक गोष्ट सांगणं भाग होतं, म्हणून तीही सांगितली. वारसांचं प्रकरण फार काळ लटकलं की अशा बंदुका सरकारी भांडारात जातात. तिथून परत आलेली बंदूक मी पाहिलेली नाही. कधीतरी त्या तोडून वितळवतात.

बाईंनी रिकाम्या कांबळ्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "म्हंजे हवालदाराच्या आंगच्या वर्दीवानी जाळून टाकतीन."

मुलाची संमती आली, लग्न झालेल्या मुलीची कारंज्याहून आली. चलन भरलं. दवाखान्यात डोळे तपासले, कान तपासले. डॉक्टरनं लिहिलं की नजर उत्तम. या वाक्यावर बाई कसनुशा हसल्या. तेव्हा मला ते हसू कळलं नाही.

दर बाजाराच्या दिवशी भाजीपाला घ्यायला त्या वाशीमला येत आणि पिशव्या घेऊन दुकानात. बंदूक पाहायला. असं करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या, आमच्याकडे बंदुकीला भेटायला येणारं एखादं घर नेहमीच असे. पण बाकीचे लोक लांबून बघून उसासा टाकून जायचे. बाई स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या. परवाना नसल्यामुळे मी त्यांच्या हातात देऊ शकत नव्हतो, म्हणून हात माझे आणि तोंड त्यांचं.

"आतून पुसा भाऊ, आतून. पावसायाची हवा हाये. अन् डावा घोडा जरा अडतो, त्याले जोर नका लावू. आंगठ्यानं हळूच घ्या."

डावा घोडा खरंच अडायचा. खूप वापरलेल्या हातालाच ते कळतं. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी मेथीच्या जुडीकडे पाहिलं. मी काही विचारलं नाही. आमच्या धंद्यात न विचारलेल्या प्रश्नांना फार किंमत असते.

आता चौकशीचा प्रकार. अर्ज आला की ठाण्याचा जमादार गावात जातो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, अर्जदार कसा आहे, भांडखोर आहे का, दारू पितो का. हे जमादार माझ्या ओळखीचे. दुकानाचा साठा तपासायला तेच यायचे. भला माणूस, पण कानावर पडेल ते जसंच्या तसं लिहिणारा. एका दुपारी ते टोपी काढून माझ्या समोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चाचा, त्या बाईचं मी काय करू, मलेच समजून नाही राह्यलं."

"काहून? कोनी वाईट सांगतलं?"

"वाईट सांगतलं असतं तं निभावलं असतं. चांगलं सांगतलं ना!"

झालं होतं असं. जमादार गावात गेले तेव्हा पारावर निम्मं गाव जमलं. बाईंना मदत करायची, हे सगळ्यांनी मनाशी पक्कं केलेलं. जमादारांनी विचारलं, बाई बंदूक सांभाळू शकतील का? त्यावर एक जण म्हणाला, सांभाळतीन म्हंजे? हवालदार होते तवाही बंदूक बाईच सांभाळत होत्या. दुसरा म्हणाला, हवालदाराइले दिसतच कुठं होतं, डोये गेले होते त्याइचे. तिसऱ्याला वाटलं की आपणही काही चांगलं बोलावं, तर तो म्हणाला, साहेब, बुजगावन्याच्या डोक्यावरचं मडकं, शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, एका बारात! आमी सारे पाहाले होतो! आणि सगळ्या पारानं माना डोलावल्या.

"अर्धं गाव साक्षीदार हाये, चाचा. बिनपरवान्याची बंदूक चालवली म्हून. अन् सारे हासून हासून सांगून राह्यले."

"मग तुमी काय लिवलं?"

"काय लिवणार? आयकलं थे लिवलं."

हसावं की कपाळाला हात लावावा, मला कळेना. भाऊबंदकीनं अडलेली प्रकरणं मी पाहिली होती, खोट्या तक्रारींनी अडलेली पाहिली होती. गावाच्या प्रेमानं अडलेलं हे पहिलंच. कचेरीतून बाईंना नोटीस आली. परवानाधारकाच्या हयातीत सदर शस्त्र आपण वापरत होता असं दिसतं, तरी आपला अर्ज का नाकारू नये?

मग हवालदारांच्या डोळ्यांची गोष्ट बाईंनीच मला सांगितली. काचबिंदू होता. हळूहळू कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धुरकट झालं. परवान्याचं नूतनीकरण होऊन गेलेलं, पुढची तपासणी लांब. हवालदारांना ही गोष्ट कोणाला कळू द्यायची नव्हती. ज्या माणसानं सीमेवर पहारा दिला त्याला शेताचा पहारा जमत नाही, हे गावाला कळणं त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. गावाला अर्थातच सगळं माहीत होतं. गावानं त्यांना ते कळू दिलं नाही, एवढंच.

"आता सांगा भाऊ," बाई म्हणाल्या, "साहेबानं इचारलं, बंदूक येते काय, तं काय सांगू? हो म्हनलं तं कुठून शिकली? नाही म्हनलं तं परवाना कायले पायजे?"

असा पेच मी पाहिला नव्हता. इतकी वर्षं या धंद्यात काढून पाहिला नव्हता.

इकडं गावाला आपली चूक कळली. पारावर पुन्हा बैठक बसली आणि ठरलं की आता उलट सांगायचं. ट्रॅक्टर करून माणसं ठाण्यात गेली. पंचफुलाबाईंनी बंदुकीला आयुष्यात हात लावला नाही. हात कसला, दिवाळीत लवंगी फटाका वाजला तरी बाई घरात पळते. मडकं सांगणारा माणूस तर म्हणाला, मडकं मी पाहिलंच नाही, मी त्या दिवशी मालेगावला होतो. जमादारांनी तेही जसंच्या तसं लिहिलं. आता कागदावर एकच बाई बांधावरून मडकं फोडणारी होती आणि लवंगीला घाबरून घरात पळणारीही होती. कचेरीतल्या कोणाही शहाण्या माणसानं अशा कागदावर सही केली नसती, आणि कोणी केली नाही. प्रकरण सुनावणीला लागलं.

मधल्या काळात हरभऱ्याचं अर्धं शेत डुकरांनी उकरलं. बाई टिनाचा डबा वाजवत फिरत. त्याचा आवाज डुकरांना ओळखीचा झाला होता. आणि त्याच सुमारास मला वरून विचारणा आली, की वारसांच्या निकाल न लागलेल्या किती बंदुका दुकानात आहेत ते कळवा, भांडारात हलवायच्या आहेत. माझ्याकडे तशा तीन होत्या. दोन घरांनी केव्हाच आशा सोडली होती. तिसरीला दर बाजाराला कोणीतरी भेटायला येत होतं. मी कळवलं की हिची सुनावणी बाकी आहे. तेवढ्यापुरती ती थांबली. पुढं किती थांबेल ते माझ्या हातात नव्हतं, आणि त्या दिवसांत मला खरंच झोप लागत नव्हती. सांभाळायला दिलेली वस्तू भंगारात पाठवायची, हे काम मी आधी केलेलं होतं आणि त्याची सवय कधी झाली नाही.

सुनावणीला बाईंनी मला बरोबर नेलं. बंदूक विकणारा आणि सांभाळणारा मीच, म्हणून गरज पडली तर माझी साक्ष असावी. बाईंना आतापर्यंत सगळ्यांनी पढवलं होतं. सुनावणीसाठी केलेले वकील म्हणाले, सरळ नाही म्हणा. गाव म्हणालं, घाबरते म्हणा. मुलगा फोनवर म्हणाला, आई, सोड ना तो नाद. मी म्हणालो होतो, 'शिकेन' म्हणा, बाकी बोलू नका.

साहेब मधल्या वयाचे, चष्मा कपाळावर चढवलेले, समोर फायलींचे गठ्ठे. थकलेले वाटले. दोन्ही अहवाल त्यांनी वाचलेले असावेत, कारण बाई समोर येताच त्यांनी त्यांना नीट न्याहाळलं. यातली नेमकी कोणती बाई आली आहे ते बघत होते.

"बाई, तुम्हाला बंदूक चालवता येते का?"

बाई उभ्या होत्या. पदर सारखा केला.

"साहेब, खरं सांगू का फायद्याचं सांगू?"

वकिलांनी खोकला काढला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगा. पण सावकाश सांगा."

"हवालदाराले दिसत नव्हतं, साहेब. थे बंदूक घेऊन धुऱ्यावर उभे राह्यचे. मी मांगं. खांद्यावर हात ठेवून सांगत जाव, डावीकडं, आजूक वरतं, आता. मंग बार निंगे. बोट त्याइचं. डोये माहे." बाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला, मग म्हणाल्या, "दोघाइची मिळून एक बंदूक होती, साहेब. एक मानूस गेला तं आता दुसऱ्यानं अर्धी कशी मागावी, थे मले समजत नाही."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मी खाली पाहिलं, कारण माझे डोळे भरले होते आणि सरकारी कचेरीत ते बरं दिसत नाही. या बाई बाजारच्या दिवशी स्टुलावर बसून मला हुकूम सोडत होत्या, ते हात माझे आणि तोंड त्यांचं, ते मला तेव्हा कुठं समजलं. त्यांची ती जुनी सवय होती.

साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. अहवाल पुन्हा चाळला. "आणि हे मडकं?"

"मडकं जुनं होतं, साहेब. फुटनारच होतं."

साहेब हसले. पहिल्यांदा हसले असावेत त्या दिवशी. मग शिरस्तेदाराकडे वळून म्हणाले, "चाप परवानाधारकानं ओढला, असं अर्जदार सांगतात. दिसायला परवाना लागतो असं मी कुठं वाचलेलं नाही. गावाचे जबाब एकमेकांना खोडतात, तेव्हा दोन्ही बाजूला ठेवा. बाईंनी रीतसर प्रशिक्षणाचा दाखला आणावा. आणला की माझ्यासमोर ठेवा, खाली फिरवू नका."

बाहेर आल्यावर वकील म्हणाले की वाचलो. बाई बसस्टँडपर्यंत चालत आल्या, उसाचा रस घेतला, माझे पैसे मला देऊ दिले नाहीत.

प्रशिक्षण अकोल्याला. त्याची फी वेगळी, यायचं जायचं वेगळं, सोबतीला नणंद. जायच्या आधी बाईंनी मला विचारलं, "भाऊ, पयला बार चुकवू काय? लगीच लागला तं मास्तरले संशय येईन."

"एखादा चुकवा," मी म्हणालो. सल्ला शहाणपणाचा होता.

परत आल्या त्या दाखला घेऊनच. मी विचारलं, चुकवला का?

"नाही चुकवता आला, भाऊ." बाई पदर तोंडावर धरून हसल्या, आणि हसता हसता रडल्या. "धरली बंदूक खांद्याले, अन् वाटलं हवालदार मांगं उभे हायेत. आता त्याइचा हात माह्या खांद्यावर. कशी चुकवू?"

त्यानंतरही वेळ गेलाच. साहेबांनी फिरवू नका म्हटलं होतं तरी कागद थोडा फिरला, फिरल्याशिवाय कागदाला करमत नाही. एका चलनाची पोच हरवली, ते पुन्हा भरलं. पण एका दिवशी परवाना निघाला. बाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. बरोबर जमादारही होते, योगायोगानं आलोय असं म्हणत. मी परवान्यावर बंदुकीचा नंबर ताडून पाहिला, सही घेतली आणि ती माझ्या हातातून त्यांच्या हातात दिली. इतके दिवस मी पुसलेली बंदूक त्यांनी उघडली, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं आणि डावा घोडा अंगठ्यानं हळूच मागे घेऊन सोडला.

"बरी ठेवली," म्हणाल्या. जन्मात मिळालेली एवढीच शाबासकी मी सांगण्यासारखी मानतो.

कांबळं त्यांनी बरोबर आणलं होतं. गुंडाळली, काडतुसं घेतली, गेल्या. गावात म्हणे त्या दिवशी संध्याकाळी नाल्याच्या काठावर फक्त एक बार झाला. पारावरच्या कोणीही त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. गाव शिकलं होतं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, गोष्ट संपली. आमच्या धंद्यात गोष्ट अशी संपत नसते. आठवडाही नीट झाला नव्हता आणि निवडणूक लागली. आचारसंहिता. निवडणूक लागली की बहुतेक परवानेवाल्यांना बंदूक जमा करायचा हुकूम येतो, निकाल लागेपर्यंत. वर्षावर्षाचे हेलपाटे घालून मिळवलेली बंदूक चार रात्री घरात राहते न राहते तोच परत. हा हुकूम ऐकून मी अनेक जणांना टेबलावर मूठ आपटताना पाहिलं आहे. एकानं तर बंदूक जमा करायला आला असताना रागानं घड्याळावर स्टूल फेकलं होतं. तेव्हापासूनच ते मागे पडतं.

बाई येणार हे मला माहीत होतं आणि मला त्यांच्याकडे पाहायची हिंमत नव्हती. सरकारनं काढलेल्या हुकुमाची लाज मला का वाटावी? पण वाटत होती. सोयाबीनच्या शेंगा भरल्या होत्या, झाडीत डुकरं होती, आणि मी पुन्हा त्यांची बंदूक कोपऱ्यात उभी करणार होतो.

त्या आल्या. तेच कांबळं. पिशवीत भाजी, कारण त्या दिवशी बाजार होता. कपाळावर आठी नव्हती.

"जय भीम, भाऊ. घ्या, पाव्हनी आली परत."

"जय भीम, बाई. काय सांगू..."

"सांगू नका. पावती फाडा."

मी पावती फाडली. लिहिलं. बाईंनी हात पुढं केला नाही.

"वाचा ना."

मी वाचलं. बारा बोअर, दोन नळी, नंबर अमुक.

"थे नाही. कोनाची हाये, थे वाचा."

तेव्हा मला कळलं. आधीच्या सगळ्या पावत्यांवर 'कै. नामदेव यांचे वारस' होतं. मी मोठ्यानं वाचलं, "परवानाधारक, पंचफुलाबाई नामदेव."

"आजूक एकडाव."

मी पुन्हा वाचलं. बाईंनी पावती घेतली, घडी घातली, कांबळ्याची घडी घातली. मग मी जे मनाशी ठरवलं होतं ते सांगितलं, की या खेपेचं भाडं नको. खूप दिलंत. बंदूक कोपऱ्यात उभीच तर राहते, दाणापाणी खात नाही.

त्यांनी बटवा काढला. नोटा मोजल्या, टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे ढकलल्या. पुटपुटल्या नाहीत, कमी करा म्हणाल्या नाहीत.

"ठेवा भाऊ. आजवर हवालदाराच्या बंदुकीचं भाडं देत होती, म्हून भांडत होती. हे माही हाये."